घोंगड्याची जुनी हत्यारं आणि झाडपाल्याचे रंग घरात कसे सांभाळाल? सीमाभागातल्या नवख्यांसाठी

गावातल्या एखाद्या घरचा माग निघतो आणि त्याचे धोटे (आडवा धागा नेणारे), फण्या (उभे धागे वेगळे ठेवणाऱ्या), पट्ट्या चुलीत जाण्याऐवजी तुमच्याकडे येतात. नाहीतर आजोळचं कौलारू घर उतरवताना माळ्यावर टकळ्या, लोखंडी पंजा आणि काळ्या लोकरीचं बोचकं सापडतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, रायबाग या पट्ट्यात असं बऱ्याच घरांत होतंय. वस्तू आणताना उत्साह असतो. पहिला पावसाळा गेला की बुरशी, कसर आणि लाकडाचा भुसा दिसतो, आणि सगळं परत माळ्यावर जातं. मी ही हत्यारं, लोकर आणि रंगाचं सामान राहत्या घरातच ठेवते. त्याच घरात स्वयंपाक होतो, पाहुणे येतात, लहान मुलं खेळतात. हे कसं जमवायचं ते क्रमाने सांगते.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. ओलं काम, कोरडा साठा आणि खाण्यापिण्याचं सामान या तिघांची जागा कधीही एक होऊ द्यायची नाही. पुढच्या बहुतेक सूचना यातूनच निघतात.

१. चालता माग विकत घेऊ नका

हे मी मुद्दाम सगळ्यात आधी सांगते. आपल्याकडचा घोंगड्याचा धंदा दख्खनी मेंढीच्या लोकरीवर उभा आहे. ही लोकर भरड आणि बहुतेक काळी. मेंढ्या वर्षातून दोनदा कातरतात. लोकरीला भाव उरला नाही, सूत काढणाऱ्या बायका थकल्या, पोरं दुसऱ्या कामाला लागली. अशा वेळी एखादा विणकर स्वतःहूनच म्हणतो, "न्या की हा माग, जागा तरी मोकळी होईल." त्या मागावर वर्षाला दोन घोंगडी जरी निघत असतील तरी तो माग घेऊ नका. त्याऐवजी घोंगडं सांगा, निम्मे पैसे आधी द्या आणि घाई करू नका. बंद पडलेला, विणकराने पाय सोडून बसायचा खड्डा बुजवलेला, सुटे भाग होऊन पडलेला माग घ्यायला हरकत नाही.

विणकरांना भेटायचं तर माघात चिंचलीच्या मायाक्काची जत्रा आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराची पट्टणकोडोलीची बिरदेवाची यात्रा, या दोन्ही ठिकाणी धनगर कुटुंबं मोठ्या संख्येने येतात. तिथे खरेदी करण्यापेक्षा ओळख करून घ्या. घरी या म्हणाले तर जरूर जा.

२. हातात आलेली वस्तू कशाची आहे ते ओळखा

आपल्या भागात विणकामाचे तीन वेगळे संसार एकमेकांशेजारी नांदले, आणि जुन्या बाजारात तिघांची हत्यारं एकाच ढिगात येतात.

पहिला, धनगरी घोंगड्याचा. खड्डा माग, सूत काढायची टकळी किंवा चाती, मेंढी कातरायची मोठी कातर, विणीत घालून ठोकायची जड लाकडी पट्टी, आणि खळ लावायचा कुंचा. या लाकडाला वर्षानुवर्षं लोकरीचा तेलकटपणा चिकटलेला असतो. नाकाशी धरलं की मेंढीचा वास ओळखू येतो.

दुसरा, जमखान्याचा. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदचा जमखाना सुती असतो. तो उभ्या मागावर बायका विणतात आणि आडवा धागा लोखंडी पंजाने ठोकून बसवतात. मोर आणि सोंगट्यांचा पट ही त्याची ओळखीची नक्षी. या जमखान्याला भौगोलिक मानांकन आहे. पंजा हातात आला तर तो बहुधा अशा जमखान्याचा किंवा सतरंजीचा असतो, घोंगड्याचा नाही.

तिसरा, साडीचा आणि खादीचा. शहापूर, वडगाव, खासबाग इथे साड्यांचे माग होते आणि काही अजून आहेत. साडीच्या फणीचे दात अगदी जवळजवळ असतात. जाड लोकर त्यातून जाणारच नाही. झटक्याच्या (दोरी ओढून धोटा पळवायच्या) मागाच्या धोट्याची दोन्ही टोकं निमुळती असून त्यांवर धातूच्या टोप्या असतात.

आणि एक चरखा. बेळगावात १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं. सभासदाने महिन्याला दोन हजार वार सूत द्यावं ही अट त्याच अधिवेशनाची. त्यामुळे बेळगाव परिसरातल्या जुन्या घरांत चरखे आणि टकळ्या निघतात, यात नवल नाही. पण विकणारा प्रत्येक चरखा "अधिवेशनातला" म्हणून दाखवतो आणि भाव वाढवतो. पेटीत मिटणारा येरवडा चरखा १९३० च्या आसपास पुढे आला. तो १९२४ च्या मंडपात असणं शक्य नाही. शिवाय हा चरखा कापसासाठी आहे, भरड लोकर त्यावर नीट निघत नाही. आवडला तर घ्या, पण चरखा म्हणून घ्या आणि त्याच भावाने घ्या.

३. कागदपत्रं आणि नोंदवही

घेताना एवढं जवळ असू द्या:

– साध्या कागदावर लिहिलेली पावती: देणाऱ्याचं नाव, गाव, तारीख, वस्तूंची यादी, रक्कम, सही किंवा अंगठा. भेट दिली असेल तर "भेट" असं स्पष्ट लिहून घ्या.
– वस्तू जागेवर असतानाचा फोटो. माग सुटा करण्याआधी चारही बाजूंनी, आणि दोऱ्या कशा बांधल्यात त्याचे जवळून.
– सुती फीत, शिसपेन्सिल आणि जाड कागदाच्या चिठ्ठ्या.

चिठ्ठीवर बॉलपेन वापरू नका, दमट हवेत शाई फुटते आणि लाकडावर उतरते. वस्तूवर थेट काहीही लिहायचं नाही, चिकटपट्टी लावायची नाही. क्रमांक चिठ्ठीवर, आणि तोच क्रमांक नोंदवहीत.

नोंदवहीत लांबी-रुंदी, वजन, लाकूड कोणतं हे लिहाच. पण त्याहून मोलाचं आहे ते देणाऱ्याच्या तोंडचं बोलणं. "मामा, याला तुमच्याकडं काय म्हणतात? हे कोण वापरायचं? कधी बंद झालं?" एवढं विचारलं की माणूस बोलू लागतो. काही घरांत मराठी नाव मिळेल, काही घरांत कन्नड, काही घरांत दोन्ही एका वाक्यात. जसं ऐकलं तसं देवनागरीत उतरवा, शुद्ध करायला जाऊ नका. आज्जींनी टकळी कशी फिरवली याचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ घेता आला, तर त्यांना विचारून घ्या. वस्तू दुसरी मिळेल, ती पद्धत त्यांच्याच हातात आहे.

कायद्याचं एक. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी हस्तकलेची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. परदेशातल्या भावाला आजोबांचा धोटा भेट पाठवायचा असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. धारवाडला त्यांचं मंडल कार्यालय आहे. विमानतळावर अडकल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

४. उंबरठ्याआत घेण्याआधी वेगळं ठेवा

नवख्यांची सगळ्यात जास्त हानी इथे होते. वस्तू आली, पुसली आणि थेट सोप्यात टांगली, असं करू नका. तिच्यासोबत काय आलंय ते पाहायला वेळ द्या.

लाकूड असेल तर पांढऱ्या कागदावर ठेवून कागदासकट जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि पडवीत किंवा गॅलरीत, पावसापासून दूर, महिनाभर राहू द्या. कागदावर पिठासारखा बारीक भुसा पडला आणि लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रं दिसली, तर आत भुंगा जिवंत आहे. छिद्रं आहेत पण भुसा पडत नाही, तर बहुतेक जुनं प्रकरण आहे. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. तिला घरात येऊच द्यायचं नाही.

लोकर, घोंगडं, लोकरीचं सूत यांना कसर लागते. कसरीचा उडणारा किडा निरुपद्रवी असतो, खाते ती अळी. तिला अंधार, शांतता आणि मळ हवा असतो. घामाची, अन्नाची, खळीची लोकर ती आधी खाते. घोंगड्याला चिंचोक्याची खळ लावलेली असते, त्यामुळे झुरळं आणि उंदीरही येतात. खळीच्या कुंच्यावर जुनी खळ वाळून बसली असेल तर तो कोमट पाण्यात धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून मगच आत घ्या.

लहान वस्तूंना फ्रीजर हा उत्तम उपाय आहे. धोटा, टकळी, सुताच्या लडी, लहान तुकडा आधी पूर्ण कोरडा करा. मग दोन प्लॅस्टिक पिशव्यांत हवा काढून घट्ट बांधा आणि उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पूर्ण दिवसभर तशीच राहू द्या, नाहीतर बाहेरच्या हवेतलं पाणी थंड लोकरीवर धरतं. आपल्याकडे वीज जाते. खूप वेळ गेली आणि फ्रीजर वितळला तर दिवस पहिल्यापासून मोजा. वरून रंगाचा थर दिलेल्या, चामडं किंवा शिंग जोडलेल्या वस्तू फ्रीजरमध्ये घालू नका.

अख्खं घोंगडं फ्रीजरमध्ये मावत नाही. काळं, बिनरंगवलेलं घोंगडं पावसाळा संपल्यावर कडक उन्हात दोरीवर घालून दोन्ही बाजूंनी काठीने हलकं झोडपा, मग मऊ ब्रशने शिवणी आणि कडा झाडा. अंडी-अळ्या तिथेच लपतात. जुनी माणसं हे दरवर्षी करायची, आणि ते बरोबरच होतं. पण वनस्पतिरंग दिलेलं काहीही उन्हात घालू नका. ते वाऱ्यावर, सावलीतच.

५. जागा

अथणीकडे कोरडं, खानापूर-जांबोटीकडे धो धो. एकाच जिल्ह्यात सांभाळायच्या रीती दोन होतात. ज्यांच्या घरी जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती ओल धरतात, त्यांनी शे-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक घ्यावाच. काटा ६५ टक्क्यांच्या वर राहिला तर बुरशी येणार. हत्यारं भिंतीपासून चार बोटं सुटी ठेवा आणि जमिनीपासून विटांवर किंवा लाकडी फळीवर उचला. बाहेरच्या, पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला कपाट लावू नका. मधली भिंत निवडा. कपाटाची दारं पावसाळ्यातही अधूनमधून उघडून हवा खेळू द्या. लोखंडी ट्रंकेत ओलसर घोंगडं बंद करून ठेवणं सगळ्यात वाईट.

फणी आडवीच ठेवा, टांगू नका. बांबूच्या किंवा बोरूच्या चिपा वाळून ठिसूळ झालेल्या असतात आणि स्वतःच्या वजनाने कमान धरतात. टकळ्या उभ्या चालतात. पंजा आणि कातर यांवर गंज असेल तर पितळी ब्रशने हलका काढा आणि शिलाई मशीनचं तेल एक थेंब फडक्यावर घेऊन पुसा. चकचकीत करू नका. लाकडावर हात फिरून जी झाक आली आहे ती त्या विणकराची आहे. पॉलिश पेपर आणि व्हार्निश यांना हातही लावू नका.

लाकूड फारच कोरडं वाटलं तर जवसाचं तेल लावतात. लावा, पण अगदी पातळ, आणि जिथे लोकर किंवा धागा घासतो तिथे अजिबात नाही. यात एक खरा धोका आहे. जवसाच्या तेलाचं फडकं गोळा करून टाकलं तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. फडकं पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

घोंगडी आणि जमखाने घडी घालून ठेवू नका, घडीवर धागा तुटतो. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर धुतलेलं मांजरपाट गुंडाळा, त्यावर वस्तू सैल गुंडाळा, वरून पुन्हा मांजरपाट. नवं मांजरपाट आधी गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढायला विसरू नका.

कडुनिंबाचा पाला, वेखंड, निपाणीच्या तंबाखूची पानं, कापूर, हे सगळं आपल्याकडे ठेवतात. त्यांनी कसर थोडी लांब राहते, मरत नाही. पाला पूर्ण वाळलेला, आणि कापडी पुरचुंडीतच हवा. ओला पाला बुरशी आणतो आणि तंबाखूचा डाग लोकरीवर बसतो. डांबरगोळ्या माझ्या घरात नाहीत. त्यांची वाफ लहान मुलांना घातक आहे, काही मुलांमध्ये तर रक्तपेशी फुटतात. महिन्यातून एकदा सगळं बाहेर काढून झाडणं हे या सगळ्यांहून भारी औषध आहे.

६. रंगाचं सामान आणताना

बाजारातल्या काष्ठौषधींच्या दुकानात हिरडा, मंजिष्ठा, कात, तुरटी, हिराकस (लोहाचा क्षार), रिठा सगळं मिळतं. मात्र काही फसगती नेहमीच्या आहेत.

पूड घेऊ नका, अख्खं घ्या. मंजिष्ठाच्या मुळ्या मोडून आत लालसर दिसतात का पाहा. पुडीत काय मिसळलंय ते कळत नाही. कात तर भेसळीचा राजा आहे, त्याचं पाणी करून खाली गाळ किती बसतो ते बघूनच जास्त घ्या.

कपड्यांना देतात ती नीळ म्हणजे नीळीच्या झाडाची नीळ नव्हे. तिने लोकर रंगत नाही. खरी नीळ गडद निळ्या वड्यांत किंवा पुडीत मिळते आणि ती बरीच महाग असते.

हळद, बीट, जास्वंद यांच्या मोहात पडू नका. हळद सुंदर चढते आणि उन्हात काही दिवसांत उतरते. बीटचा गुलाबी तर पहिल्या धुण्यातच जातो. पिवळ्यासाठी डाळिंबाची साल, झेंडू किंवा कांद्याची टरफलं. तांबूस लालसाठी मंजिष्ठा. तपकिरीसाठी कात किंवा बाभळीची साल. काळपट राखाडीसाठी हिरडा आणि लोह. एवढ्यावर सुरुवातीची दोन-तीन वर्षं सहज जातात.

जंगलातून साल सोलून आणू नका. भीमगड अभयारण्यातून तर काहीच उचलायचं नाही. भोवताली साल काढलेली झाडं मरतात, आणि गुन्हाही होतो. डाळिंबाची साल फळांचा रस काढणाऱ्याकडे आणि झेंडू देवळाच्या निर्माल्यात पोत्याने पडलेला असतो. देवळात विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. काळ्या लोकरीवर रंग दिसत नाही. हौसेने काळी लोकर आणून मंजिष्ठात उकळणारे बरेच भेटतात. धनगराला पांढरी किंवा करडी लोकर वेगळी मागा, कमी मिळते पण मिळते. करड्या लोकरीवर मंजिष्ठाचा जो खोल, मातीसारखा तांबडा उतरतो तो पांढऱ्यावरही येत नाही. काळी लोकर काळीच विणा.

७. पहिली रंगणी

जागा परडं किंवा उघडी गच्ची. स्वयंपाकघर नाही. भांडी वेगळी, कायमची वेगळी: स्टीलचं मोठं पातेलं, दुसरं लहान, लाकडी काठी, गाळणं, वजनकाटा, उकळत्या पाण्याचा थर्मामीटर, हातमोजे. अॅल्युमिनियम, तांब्याची आणि लोखंडी भांडी रंग बदलतात, म्हणून नकोत. या भांड्यांवर लाल रंगाची खूण करा म्हणजे घाईत कुणी त्यात भात लावणार नाही.

लोकर कोरडी असताना वजन करा. पुढची सगळी मापं या वजनावर. इथे १०० ग्रॅम धरू.

धुणं: रिठ्याच्या कोमट पाण्यात, साधारण ४० अंश, लोकर बुडवून ठेवा आणि फक्त दाबा. चोळली की तिचा नमदा होतो, म्हणजे ती आवळून घट्ट गोळा होते. गरमातून एकदम गारात टाकली तरी होतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत तितक्याच कोमट पाण्याने खळबळा.

तुरटी: १२ ते १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवा. लोकर सैल बुडेल एवढं पाणी घ्या, ओली लोकर घाला, हळूहळू ८५ ते ९० अंशांपर्यंत न्या आणि तासभर ठेवा. उकळू देऊ नका. त्याच पाण्यात रात्रभर निवू द्या. तुरटी जास्त झाली तर लोकर चिकट लागते.

रंग: मंजिष्ठा ५० ते १०० ग्रॅम, आदल्या रात्री भिजवून, कुटून. हे पाणी ७० अंशांच्या खाली ठेवा. वर गेलं की लालाऐवजी तपकिरी निघतो. तासभर ठेवून त्यातच निवू द्या. आपल्या मंजिष्ठाचा लाल परदेशी मंजिष्ठासारखा भडक नसतो, पोवळ्याकडे झुकतो. डाळिंबाची साल किंवा कांद्याची टरफलं वापरली तर ५० ग्रॅमपासून सुरुवात करा. तिथे ९० अंशही चालतात.

पाण्याकडे लक्ष द्या. अथणी, रायबाग, गोकाक भागात बोअरचं पाणी जड असतं. मंजिष्ठाला ते मानवतं, लाल खुलतो. पण पाण्यात लोह असेल तर सगळे पिवळे मळके होतात. खानापूरकरांनी पन्हाळीचं पावसाचं पाणी गाळून ठेवावं, त्यात पिवळा झळझळीत येतो. कुठल्या पाण्यात रंगवलं ते नोंदवहीत लिहा.

गडद करायचं असेल तर शेवटी हिराकस, १०० ग्रॅम लोकरीला २ ग्रॅम, वेगळ्या पाण्यात, काही मिनिटं. हिराकस चढतो तसा रंग डोळ्यांदेखत गडद होतो. जास्त हिराकस लोकर ठिसूळ करतो. काही वर्षांनी तेवढाच रंगीत पट्टा झडून जातो, बाकी घोंगडं तसंच राहतं. त्यामुळे हात आखडता ठेवा.

जमखान्याच्या सुताला हा क्रम चालत नाही. सुताला आधी धुण्याच्या सोड्यात उकळून त्याचं मेण काढावं लागतं, मग हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवायचं, आणि मग तुरटी. हिरडा नसला की सुतावर तुरटी नीट धरत नाही.

८. नीळ

पहिल्या वर्षी नीळ करू नका. करायचीच तर गूळ आणि चुन्याच्या पद्धतीने करा. पाणी हिरवट पिवळं झालं, वर तांबूस चमक आणि निळा फेस आला की समजा तयार. लोकर त्यात थोडा वेळ, हवेचे बुडबुडे न करता बुडवा, बाहेर काढा, हवेत हिरव्याची निळी होते. चुना लोकर खातो, म्हणून सुतापेक्षा कमी चुना आणि कमी वेळ. शेवटी पाण्यात थोडं व्हिनेगर घालून खळबळा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

रंगारी नीळ विरघळवायला "हायड्रो" (सोडियम हायड्रोसल्फाइट) वापरतात, ते घरात साठवू नका. ओल लागली की ते तापतं आणि पेटतं. आपल्या पावसाळ्यात हा धोका फार खरा आहे.

९. मुलं, विहीर आणि गटार

हिराकस लहान मुलाच्या पोटात गेला तर जिवावर बेततो. मोरचूद विषारी आहे, मी वापरत नाही. क्रोमचे आणि कथिलाचे क्षार नवख्याने घरात आणूच नयेत, त्यांच्याशिवायही घर भरून रंग मिळतात. सगळ्या पुड्या झाकणाच्या काचेच्या बरण्यांत, मोठ्या अक्षरांत नाव लिहून, कुलपात ठेवा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत रंगाचं पाणी कधीही भरून ठेवायचं नाही. पूड मोजताना नाकाला रुमाल नव्हे, मास्क लावा.

उरलेलं तुरटीचं पाणी भरपूर पाणी मिसळून विहिरीपासून लांब, परड्यातल्या मातीत जिरवा. दरवेळी एकाच झाडाच्या बुंध्याशी नको. तलावात किंवा ओढ्यात काहीच सोडू नका.

१०. रंग टिकतो का ते स्वतः पाहा

प्रत्येक रंगणीतला वीतभर धागा जाड पुठ्ठ्यावर गुंडाळा, अर्धा भाग काळ्या कागदाने झाका आणि पश्चिमेच्या खिडकीत महिनाभर ठेवा. मग कागद काढा. झाकलेला आणि उघडा भाग वेगळे दिसले तर तो रंग भिंतीवर टांगायच्या कामासाठी नाही. पुठ्ठ्याच्या मागे मापं, पाणी, तारीख लिहून तोच पुठ्ठा फाइलला लावा. दोन वर्षांत तुमच्याच घरच्या पाण्याचं, तुमच्याच बाजारच्या सामानाचं पक्कं माहितीपुस्तक तयार होतं. इंटरनेटवरच्या पाककृतीपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

जुना रंगीत जमखाना धुण्याआधी कोपऱ्यावर पांढरं ओलं सुती फडकं दाबून पाच मिनिटं वजन ठेवा. प्रत्येक रंगावर वेगळं फडकं. रंग उतरला तर धुऊ नका, जाळी अंथरून व्हॅक्यूम क्लीनरने हलकी धूळ ओढा.

११. मोडलं तर

दुरुस्ती आधी विणकराला विचारा, मग सुताराला. सुतार माग कधी चालताना पाहिलेला नसला तर तो खाच सरळ करतो, कड गोल करतो आणि ते हत्यार पुन्हा कामाला येत नाही. धोट्याची आतली बाजू, पट्टीची धार आणि फणीचे दात यांवर रंधा चालवायचा नाही हे त्याला आधी सांगा, आणि काम चालू असताना समोर बसा. मोडलेला मूळ तुकडा टाकू नका. क्रमांकाची चिठ्ठी बांधून त्याच वस्तूसोबत ठेवा. नवा भाग बसवला असेल तर त्यावर खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला शिसपेन्सिलने वर्ष लिहा, आणि बसवणाऱ्याचं नाव नोंदवहीत.